वय वाढते, वर्ष आखडते

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मास लागतो आणि कार्तिकी एकादशीस संपतो. बालपणी हे चार महिने सरता सरत नसत. नागपंचमीपासून गणपतीपर्यंतच युग लोटल्यासारखे वाटे. आता आषाढीचा उपवास सोडतो न सोडतो, तोच तुळशीचे लग्न दारात उभे! पंचांगातील तिथी तर तितक्याच आहेत. मग आखडले काय?

वैशेषिक शास्त्र काल एकच मानते; क्षण, दिवस, मास हे भेद उपाधीमुळे. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी १८७७ साली हिशेब मांडला की, दहा वर्षांच्या मुलास एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, साठीच्या गृहस्थास साठावा. हिशेब चतुर खरा, पण आम्हांस अपुरा वाटतो. अमेरिकेच्या विल्यम जेम्स यांनी १८९० च्या ग्रंथात दिलेले कारण अधिक पटते. नवे अनुभव मनावर खुणा ठेवतात. चाकोरीतील दिवस ठेवीत नाहीत. खुणा थोड्या, म्हणून मागे पाहता वर्ष तोकडे.

स्मृतीचेही तसेच. केवळ संस्कारापासून उपजते ते ज्ञान म्हणजे स्मृती, असे तर्कशास्त्र सांगते. काल भेटलेल्या गृहस्थांचे नाव आमच्या ओठांवर येऊन अडते. मोरोपंतांची तरुणपणी पाठ केलेली आर्या मात्र कीर्तनात आपण होऊन येते. नावाचा संस्कार एकदाच झाला, आर्येचा सहस्रवार. वेदपाठशाळेत पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनी तोच मंत्र घोकवितात, तो उगाच नव्हे.

घरोघरचे वृद्ध जेवल्याचे विसरतात, पण आरतीचे कडवे चुकत नाहीत. तेव्हा "सोयीचे तेवढे बरे आठवते!" असे बोलणारे आम्ही ऐकले आहेत. हे बोलणे निर्दयपणाचे आहे. स्मृतिभ्रंशाच्या व्याधीत बहुधा ताजी स्मृती आधी ढासळते, जुनी पुष्कळ काळ टिकते. नाव न आठवणे वयाचे असेल; पण जेवण विसरणे, ओळखीची वाट चुकणे हे केवळ वयाचे मानू नये, डॉक्टरांस दाखवावे. आणि त्या आजींना जिवतीची कहाणी, जात्यावरच्या ओव्या म्हणावयास सांगून याच श्रावणात उतरून घ्याव्यात. पुष्कळ घरांत त्यांची दुसरी प्रत नाही.

कांदा-वांगे सोडण्याचा नेम बहुतेक घरांत असतोच. त्याच्या जोडीस पूर्वी न म्हटलेले एखादे स्तोत्र पाठ करावयास घ्यावे, म्हणजे या चार महिन्यांवर एक नवी खूण पडेल. साठीनंतर श्लोक बसावयास आवर्तने अधिक लागतात, हा आमचा नित्याचा अनुभव. चातुर्मासात तेवढ्या सकाळी खचितच आहेत.