हिरव्या पेल्यातील हिशेब

डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ यांबरोबर तेथे खेड्यातील आहाराचाही विचार होत असे. 1935 साली गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात हिरव्या पानांवर लेख लिहिला. त्यांचे सांगणे साधे होते : खेड्यात ही पाने केवळ खुडण्याच्या श्रमात मिळतात, ती पाच-सहा पाण्यांनी धुऊन रोज जेवणात थोडी कच्ची खावीत.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात पोचतो. अशा दिवसांत हीच पाने पेल्यातून घेता येतील. पुदिन्याचे, साखर न घातलेले हिरवे पेय करू या आणि त्यामागील विज्ञानही समजून घेऊ या.

साहित्य (एका पेल्यास) : पुदिन्याची 15-20 पाने, मूठभर कोवळा पालक, अर्धी काकडी, पेलाभर पातळ ताक किंवा उकळून गार केलेले पाणी, अर्धे लिंबू, चिमूटभर मीठ व जिरेपूड.

कृती : पाने चिरण्यापूर्वीच वाहत्या स्वच्छ पाण्यात नीट धुवा. कच्च्या पानांवर मातीतील जंतू व कृमींची अंडी असू शकतात. पुदिना तर ओलसर जागी, अनेकदा सांडपाण्याजवळ वाढतो. मात्र चिरल्यानंतर धुतल्यास क जीवनसत्त्व पाण्याबरोबर निघून जाते. मग पाने व काकडी पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटून ताकात मिसळा. शेवटी लिंबू पिळा आणि लगेच प्या.

साखर किती? चार चहाचे चमचे साखर घातलेल्या सरबतात सुमारे 20 ग्रॅम साखर असते. आपल्या पेयात काकडी, पाने, ताक व लिंबू यांची मिळून कर्बोदके जेमतेम 8 ग्रॅमच्या आसपास भरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले. म्हणजे एका सरबतातच दिवसाचा बहुतेक वाटा संपतो! पेय गाळू मात्र नका. चोथा म्हणजेच तंतुमय पदार्थ. तो गाळला तर पानांचा मोठा गुण वाया जातो.

गारवा कोठून येतो? पुदिन्याची दोन पाने चावून मग साधे पाणी प्या. पाणी अधिक गार लागेल. पण तापमापी लावून पाहिल्यास तापमान तेच दिसेल! आपल्या जिभेतील चेतातंतूंवर ‘टीआरपीएम-8’ नावाचे प्रथिन असते. गारवा लागताच ते झडपेसारखे उघडते आणि मेंदूला ‘थंड’ असा संदेश जातो. पुदिन्यातील मेंथॉल हीच झडप उघडते. हे प्रथिन 2002 मध्ये ओळखले गेले. तापमान व स्पर्श यांच्या संवेदनेवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पातापुतियान यांना 2021 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुदिन्याच्या सर्व जातींत मेंथॉल सारखे नसते. म्हणून काहींचा गारवा कमी वाटतो.

रंग का बदलतो? हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्लात तो निसटतो, त्याच्या जागी हायड्रोजन येतो आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. उष्णतेने हे फार वेगाने घडते. म्हणून लिंबू शेवटी घालायचे व पेय ताजे प्यायचे.

*करून पाहा :* वाटलेला पालक तीन भांड्यांत घ्या. एकात काही घालू नका, दुसऱ्यात लिंबू पिळा, तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. मोठ्यांच्या देखरेखीखाली तिन्ही पाच मिनिटे उकळा व रंगांची तुलना करा. सोड्याने रंग खुलतो, पण क जीवनसत्त्व नष्ट होते. भाजीत सोडा का घालू नये, ते यावरून कळेल.

या पेयाने काय होत नाही? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींपैकी 59 मुलींना रक्तक्षय आढळला. पालकात लोह असते, पण शरीर त्यातील थोडाच भाग शोषते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. ताकातील कॅल्शियमने ते किंचित आणि चहाने बरेच घटते. तेव्हा लोहासाठी हे पेय ताकाऐवजी पाण्यात करावे व लगेच चहा घेऊ नये. तरीही शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीची जागा ते घेऊ शकत नाही.

तसेच ते जेवणाचीही जागा घेत नाही. वाढत्या वयात भाकरी, वरण, भात हवेतच. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालकाऐवजी कोथिंबीर वापरावी, कारण पालकात ऑक्झॅलेट फार असते.

पुदिना कुंडीतही सहज लागतो. शाळेच्या परसात एक वाफा करा. मगनवाडीत सुचवलेला जुना प्रयोग तुमच्या हातून पुन्हा सुरू होईल.