तीन फुटांतला थवा

थव्याने राहणारा मासा स्वभावानेही शांत असणार, असे धरून चालणाऱ्याला टायगर बार्ब हा बोटभर लांबीचा मासा आठवड्याभरात भानावर आणतो. मूळचा सुमात्रा-बोर्निओकडच्या ओढ्यांचा, पिवळसर अंगावर चार काळे उभे पट्टे असलेला हा मासा आपल्याकडे सहसा जोडीच्या भावाने विकला जातो. आणि त्याच्या बाबतीत जोडी हे मापच मुळात चुकीचे असल्यामुळे, घरी आणलेल्या दोन-तीन माशांपैकी एक सतत पळताना दिसतो आणि उरलेले त्याच्या मागे असतात.

प्राणिशास्त्रात माशांच्या एकत्र राहण्याचे दोन प्रकार मानले जातात. एकमेकांच्या सोबतीने, पण आपापल्या दिशेने व आपापल्या गतीने वावरणाऱ्या समूहाला कळप म्हणावे. सर्वांची तोंडे एका दिशेला, वेग सारखा आणि मधले अंतरही जवळपास सारखे, अशी शिस्त आली की त्याच कळपाचा थवा होतो. टायगर बार्बचा दिवस बहुतांशी कळपात जातो. काचेवर अचानक सावली पडली किंवा टाकीखालच्या कपाटाचे दार आपटले, तर मात्र क्षणार्धात थवा बांधला जातो, कारण नजरेच्या जोडीला पार्श्वरेखा, म्हणजे अंगाच्या बाजूंवरील सूक्ष्म संवेदी छिद्रांची ओळ, शेजाऱ्याच्या हालचालीने पाण्याला बसलेला हिसका लगेच टिपते. भीती ओसरली की थवा मोडतो आणि पाठलाग पुन्हा सुरू होतो.

हा पाठलाग काचेला नाक लावून पाहण्याजोगा असतो. दोन नर प्रथम शेजारी-शेजारी येतात, पाठीवरचे आणि पोटाखालचे सगळे पर ताणतात, डोके किंचित खाली झुकवतात आणि एकाचे तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे अशा बेताने गोल फिरू लागतात. या वेळी त्यांच्या तोंडापुढचा तांबडा रंग अधिक गडद भासतो. काही क्षणांत एकाचे पर मिटतात, तो अंग वळवतो, आणि पाठलागाला तोंड फुटते ते येथे. निकाल आधी लागलेला असतो, पाठलाग ही त्याची अंमलबजावणी. म्हणूनच तो बहुधा फूट-दीड फुटात संपतो आणि जिंकलेला मासा काही घडलेच नाही अशा थाटात मागे फिरतो. नॉर्वेचे थॉरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकात कोंबड्यांच्या खुराड्यात कोण कोणाला टोचते याची नोंद ठेवून जो मानाचा क्रम दाखवून दिला, त्याच जातीची ही उतरंड आहे.

उतरंड टाळता येत नाही, तिचा भार मात्र वाटता येतो. तीन माशांत जोड्या तीनच जमतात, आणि सर्वांत खालच्या माशाच्या वाट्याला वरच्या दोघांचे लक्ष अखंड येते. दहा माशांत पंचेचाळीस जोड्या जमतात, पाठलाग करणाऱ्याला वाटेत तिसराच कोणीतरी आडवा येतो आणि पहिला सुटतो. तीन फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे १२७ लिटर पाणी मावते; अशा टाकीत आठ-दहा बार्ब जेवढे सुखाने नांदतात, तेवढे तीन नांदत नाहीत, हे नवख्याला उलटे वाटते. संख्या कमी असली की हीच रग बाहेर वळते आणि एंजलच्या किंवा फायटरच्या लोंबत्या परांचे लचके तुटू लागतात. त्यात दोष एंजलला आणि बार्बला एकत्र ठेवणाऱ्याचा, बार्बचा नव्हे.

सकाळचा पाठलाग वेगळा ओळखावा लागतो. त्यात नर पोटाने भरलेल्या मादीच्या मागे वनस्पतींच्या झुबक्यात शिरतो, दोघे क्षणभर अंगाला अंग भिडवतात, आणि पानांना चिकटणारी अंडी विखुरली जातात. ती खाण्यात थोड्याच वेळात आईबापही मागे राहत नाहीत.

खरी इजा झाली आहे की नाही, हे कधी कधी कळपच सांगतो. मधमाश्यांच्या नृत्यभाषेसाठी प्रसिद्ध असलेल्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले की, मिनो या छोट्या माशाची त्वचा फाटली की तिच्यातून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्यामुळे सोबतचे मासे घाबरतात. हे भयद्रव्य बार्ब ज्या गणात मोडतो त्या गणातील माशांत सर्रास आढळते. तेव्हा पाठलाग चालू असताना बाकीचे मासे खुशाल दाणे टिपत असतील, तर काळजीचे कारण सहसा नसते. काळजी करावी ती फिल्टरच्या मागे पट्टे फिकट करून उभ्या राहणाऱ्या आणि दाणे टाकल्यावरही पुढे न येणाऱ्या माशाची.

अशा वेळी दांडगा मासा उचलून दुकानात परत देण्याकडे कल असतो. त्यापेक्षा दगड आणि रोपे हलवून टाकीची मांडणी बदलणे आणि संख्या वाढवणे हा इलाज अधिक भरवशाचा ठरतो, कारण दांडगा गेल्यावर त्याच्याखालचा, कालपर्यंत स्वतःच पळणारा मासा, बरेचदा आठवडाही न लोटता पर ताणून त्या जागी उभा असतो.