तळ्यावरची मशीद

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीत मला सर्वांत भावलं ते तिथलं तळं. होय, अख्खी मशीद तळ्यावर उभी आहे! जागेचा मालक होता एक कोकणी मुसलमान व्यापारी. मशीद खुशाल बांधा, पण तळं बुजवायचं नाही, ही त्याची अट. १७७५ पासून चाललेलं काम १८०२ मध्ये पुरं झालं. पाण्यातून उठलेल्या सोळा काळ्या दगडी कमानी १८७४ च्या. कमानीत दगड फक्त दाबला जातो, ताणला जात नाही. म्हणून एवढा भार पेलतो. वर लाकडी खांबांच्या पाच रांगा. आपण सिव्हिलवाल्यांनी आधी पाणी उपसून भराव टाकला असता! इथे तळाशी झरे, त्याच पाण्यात नमाजाआधी हातपाय धुतात. धोबी तलाव, गोवालिया टँक यांची मात्र नुसती नावं उरली.