शेवरोलेट ट्रक-इंजिनांचा कालनिर्णय

अमेरिकेंतील शेवरोलेट कंपनीनें सहा सिलिंडरांचें इंजिन १९२९ सालीं बाजारांत आणिलें. त्याचें मूळ माप १९४ घन इंच. १९३७ मध्यें २१६ घन इंचांचें इंजिन आलें, पुढें ट्रकांकरितां १९४१ मध्यें २३५ चें व १९५४ मध्यें २६१ चें. बाह्य रूप इतकें सारखें कीं, केवळ पाहून निर्णय देणें धाडसाचें होय.

ओतीव ठोकळ्यावरील तारीख ही त्याची पुष्पिकाच. तींत प्रथम महिन्याचें अक्षर, मग दिवस व शेवटीं वर्षाचा केवळ अंत्य अंक असतो. 'सी १० ५' म्हणजे मार्चची १० तारीख. परंतु साल १९४५ कीं १९५५? शकांक गाळून नुसतें संवत्सर लिहिणाऱ्या लेखकांनीं आपणांस असेंच छळिलें आहे. तेथें घोळ साठ वर्षांचा, येथें दहांचा.

निर्णय अंतर्रचनेवरून होतो. जुन्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या बुडाची पळी तेल उचलून त्याच्या बेअरिंगास देई. १९५४ पासून ट्रकांच्या २३५ मध्येंही तें पंपाच्या दाबानें पोंचूं लागलें. अर्थात् पळी आढळल्यास १९४५ ग्राह्य.

मात्र ही तारीख ठोकळ्याची, गाडीची नव्हे. एका बासनांत दुसऱ्या पोथीचीं पानें शिरतात, तशींच इंजिनें बदललीं जात. रंग खरवडण्यापूर्वीं अक्षरांचा ठसा घेऊन ठेवावा.