किचन आपलं, तळं कुणाचं?

रिसॉर्टचा एक ठरलेला फॉर्म्युला असतो. आल्या आल्या वेलकम ड्रिंक म्हणून कोकम सरबताचा इवलासा ग्लास, दुपारी बुफेत पनीर बटर मसाला, रात्री डीजे आणि रविवारी सकाळी 'साडेदहाच्या आत ब्रेकफास्ट उरका' अशी प्रेमळ धमकी. पाच दिवस ऑफिसात घड्याळ बघून जेवणाऱ्यांनी सुट्टीतही घड्याळ बघूनच जेवायचं, हे काही पटत नाही बुवा. म्हणूनच पुण्या-मुंबईच्या यंग क्राउडमध्ये वेगळाच फंडा जोरात आहे. चार-सहा जणांनी मिळून अख्खा बंगला घ्यायचा आणि स्वयंपाक आपला आपण करायचा. परदेशात याला 'सेल्फ-केटरिंग' असं भारदस्त नाव आहे. आपल्याकडे तीर्थयात्रेला निघताना धर्मशाळेत स्टोव्ह आणि पिठाचा डबा घेऊन जाणारी आज्जी हेच करत होती, फक्त तिच्या खोलीला 'लेक व्ह्यू' नव्हता.

हा लेक व्ह्यू मिळवायला आपल्याकडे ऑप्शन्स भरपूर आहेत. पवना, पानशेत, भंडारदरा, मुळशी. पवनेला आता टेण्टची इतकी गर्दी असते की तळ्यापेक्षा शेजारच्या ग्रूपचा स्पीकरच जास्त जवळ वाटतो. भंडारदरा सुंदर आहे, पण एका रात्रीसाठी लांब पडतं. त्यामुळे नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही चौघं मुळशीला निघालो. दोन आयटीवाले, एक बँकवाली आणि मी. डिकीत तेल, तिखट-मीठ, चहा-साखर, कांदे-लसूण आणि एक धारदार सुरी. बाकी सगळं तिथे घ्यायचं, असं बँकवालीनं निघण्याआधीच जाहीर केलं होतं आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड. पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर फक्त, पण पिरंगुट ओलांडेपर्यंत ट्रॅफिक तुमची सत्त्वपरीक्षा घेतो. पौड सोडलं की मात्र सीन एकदम बदलतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, बांधावर रचलेला पेंढा, आणि मग एका वळणावर डाव्या-उजव्या डोंगरांच्या मधोमध निळंशार पाणी. गाडीतल्या चौघांनीही एकाच वेळी 'वॉव' म्हटलं. दुसरा शब्दच सुचत नाही.

बंगला छोटासा होता. कौलारू छप्पर, समोर ओटा, ओट्यापुढे उतार आणि उताराच्या टोकाला बॅकवॉटर. वायफाय 'कधी येतं, कधी जातं' टाइप. खरं एक्साइटमेण्ट होतं किचनचं, कारण बुकिंग करताना 'फुल्ली इक्विप्ड किचन' असं लिहिलेलं होतं. आता ऐका. दोन बर्नरचा गॅस, एक कढई, एक कुकर (शिट्टी नव्हती), सहा ताटं, चार वाट्या, अकरा चमचे आणि वाइन ग्लास मात्र डझनभर! पोळपाट होता, लाटणं नव्हतं. तिथली सुरी टोमॅटोसमोरही हरली असती. माझा अनुभव असा की या बंगल्यांची किचन्स फोटोसाठी सजवलेली असतात, कारण तिथे येणारे बहुतेक ग्रूप एक तर मॅगी करतात नाही तर बार्बेक्यू. बुकिंगच्या वेळी कुकर, सुरी, तवा, लाटणं, गॅसची भरलेली टाकी आणि इन्व्हर्टर एवढ्यांची चौकशी नाव घेऊन करा. 'सगळं आहे' या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

मावशींचा हिशेब

बंगल्याची किल्ली मावशींकडे होती. पन्नाशीच्या, काटक, नऊवारीवर मुलाचं जुनं जर्किन घातलेल्या. त्यांनी खोल्या दाखवल्या, गीझर दाखवला आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला, ''जेवान मी करू का तुमी करणार?''

आम्ही करणार, असं आम्ही मोठ्या उत्साहात सांगितलं. मावशी ''बरं'' म्हणाल्या आणि ओट्यावर टेकल्या. मग गप्पांच्या ओघात त्यांनी जे सांगितलं, ते कुठल्याच बुकिंग साइटवर लिहिलेलं नसतं. साफसफाईचे पैसे मालकाकडून महिन्याचे ठरलेले, पाहुणे दोन येवोत नाही तर वीस. वरची कमाई होते ती जेवणाची. कोंबडी, भाकरी, पिठलं, रात्रीचा भात. त्यामुळे 'आपलं आपण' करणारी मंडळी आली की मावशींचा तो वीकएण्ड कोरडा. ''तुमी शहरातली मानसं समदं घिऊन येता,'' त्या हसत हसत म्हणाल्या, ''मीठसुदिक. आनि जाताना कचरा तेवढा हितं ठिऊन जाता.''

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. हा बंगला उभा आहे ती जागा म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचं वरकस होतं. वरकस म्हणजे उताराची, हलकी जमीन. भात तिथे येत नाही, पण नाचणी आणि वरई येते. घरातल्या लग्नाच्या वेळी ती विकली, पैसे आले तसे गेले, आणि आता त्याच उतारावर त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन येतात. पुण्याच्या आसपासच्या कुठल्याही तळ्याकाठी गेलात तर ही गोष्ट थोड्याफार फरकानं ऐकायला मिळते. रस्त्यावरचे 'एनए प्लॉट, लेक टच' असे बोर्ड मोजायला सुरुवात केली की मोजणं सोडावं लागतं.

मग सेल्फ-केटरिंग हा प्रकार गावासाठी वाईटच का? मला तसं वाटत नाही. बाहेरची मोठी रिसॉर्ट्स भाजी-किराणा थेट शहरातून ट्रकनं मागवतात, गावाकडून ती फारसं काही घेत नाहीत. स्वतः रांधणाऱ्याला मात्र दर जेवणाआधी काहीतरी आणावंच लागतं. ते डिकीतून काढायचं की गावातून आणायचं, एवढाच मामला आहे. बँकवालीनं मावशींशी तिथल्या तिथे डील केलं: भाज्या-आमटी आम्ही करणार, भाकऱ्या मावशींच्या. तांदूळ, अंडी आणि जे काय परसात असेल तेही त्यांच्याकडूनच. मावशींनी भाव सांगितले, आम्ही घासाघीस केली नाही. गावठी अंड्यांसाठी घासाघीस करणाऱ्यांनी आधी मॉलमधल्या कॉफीचं बिल आठवावं.

एसबी रोडवाले सेनापती

दुपारी ओट्यावर चहा पिताना आयटीवाल्यानं गूगल मॅप उघडला आणि म्हणाला, ''लेकचं नाव काय लावू स्टेटसला?'' आपण याला लेक म्हणतो, पण हे तळं नैसर्गिक नाही. मुळा नदीवर टाटांनी मुंबईच्या विजेसाठी बांधलेल्या धरणाचं हे पाणी आहे. त्याखाली पन्नासच्या आसपास गावांची घरं आणि भातशेती गेली, आणि ती सुखासुखी गेली नाही. १९२१ ते १९२४ अशी तीन वर्षं इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरणाच्या विरोधात झालेल्या देशातल्या अगदी पहिल्या आंदोलनांत मुळशीचं नाव घेतलं जातं. त्याचं नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट इथूनच 'सेनापती' झाले. होय, तेच एसबी रोडवाले सेनापती बापट! ज्या रस्त्यावर आपण इण्टरव्ह्यू दिले आणि ज्याच्या सिग्नलला रोज वीस मिनिटं काढतो, त्याचं नाव या पाण्यातून आलंय, हे आमच्यातल्या दोघांना तरी त्या दिवशीच कळलं.

सत्याग्रह मोडला, धरण झालं आणि १९२७ पासून इथलं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात जातं. म्हणजे पूर्वेला पुण्याकडे वाहणाऱ्या नदीचं पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून पश्चिमेला कोकणात उतरवलेलं आहे. तुम्ही कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलंय? सकाळी ठरावीक वेळेला नदीला जे पाणी येतं ते या वीजघरातून सोडलेलं असतं. अंधारबनचा ट्रेकही पिंपरीहून निघून शेवटी भिऱ्यालाच उतरतो. आपला अर्धा वीकएण्ड कॅलेंडर या एका धरणावर चालतो म्हणा ना.

आणि बंगल्याच्या नळाला पाणी कुठून येतं? मी मावशींना विचारलं. दिवाळीपर्यंत विहीर पुरते, मार्चनंतर टँकर. समोर एवढं पाणी असताना टँकर? ''त्ये पानी आमचं न्हाय,'' मावशी म्हणाल्या. ''आज्जेसासूचं घर तिकडं हाय, त्या टेकडीखाली. उन्हाळ्यात पानी उतरलं की जोती दिसत्यात.'' आम्ही सगळेच टेकडीकडे बघत राहिलो. संध्याकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि फोटो काढायला खरं तर परफेक्ट लाइट होता. आयटीवाल्यानं स्टेटसला नुसतं 'मुळशी' एवढंच लिहिलं.

एक पेर पाणी

आता मुख्य मुद्दा, जेवण! या भागात जाऊन बासमती शिजवणाऱ्याला दंड व्हायला हवा. मुळशी-मावळ म्हणजे आंबेमोहर आणि इंद्रायणीचा मुलूख. इंद्रायणी हा तसा नवा गडी. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं तो १९८७ साली आणला. वास थोडा आंबेमोहरासारखा आणि पीक जास्त, म्हणून शेतकऱ्यांनी उचलून धरला. नोव्हेंबरात गेलात तर नुकताच भरडून आणलेला नवा तांदूळ मिळतो आणि तिथेच शहरी कुक्सची गंमत होते, कारण नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. आयटीवाला मोबाइलवर 'एकास दोन'चं प्रमाण शोधत होता, तोवर मावशींनी पातेल्यात बोट घातलं. तांदळाच्या वर एक पेर पाणी, बास. मंद आच, झाकण, मध्ये ढवळायचं नाही. भात मऊ, किंचित चिकट होतो, आणि तसाच व्हायला हवा. मोकळा व्हावा म्हणून हट्ट धरू नका.

त्यावर वालाची आमटी (वाल मावशींच्या डब्यातले), भाजलेला कांदा आणि ठेचा. रविवारी सकाळी वाडीवरचा एक मुलगा रात्रीच्या जाळ्यातली चिलापी घेऊन दारात आला. फिश फ्रायचं मॅरिनेशन वगैरे भानगडी नकोत. हळद, तिखट, मीठ, लसूण ठेचून चोळायचं, तांदळाच्या पिठात घोळवायची आणि तव्यावर सोडायची. पापलेटची सर नाही, काटे आहेत, पण पाण्यातून तव्यात यायला तीन तास लागले असतील फार तर. अकरा वाजता कुणीही 'ब्रेकफास्ट संपला' म्हणायला आलं नाही, कारण सव्वाअकरापर्यंत आम्ही तो करतच होतो.

सेल्फ-केटरिंगची खरी मजा याच रिकाम्या वेळात आहे. कांदा चिरताना होणाऱ्या गप्पा कॅफेत होत नाहीत. आमच्यातल्या एकानं भांडी घासता घासता नोकरी सोडायचा विचार चाललाय असं सांगितलं. तीन वर्षं आम्ही दर महिन्याला भेटतोय, पण त्याला ते बोलायला सिंकच सापडावं लागलं.

निघताना बँकवालीनं सवयीनं हिशेब मांडला. बंगल्याचं भाडं नऊ हजार, ते यूपीआयनं पुण्यातल्या मालकाच्या खात्यात. गावात दिलेले सोळाशेच्या आसपास. त्यात सगळ्यात मोठा आकडा घरी न्यायला घेतलेल्या दहा किलो तांदळाचा, मग भाकऱ्या, मासे, अंडी. आकडा लहान आहे. मावशींनी पैसे मोजून जर्किनच्या खिशात ठेवले आणि म्हणाल्या की असे पाहुणे महिन्यातून दोनदा आले तर सिलिंडर निघतो.

जाणार असाल तर काही गोष्टी. पेट्रोल आणि कॅश पौडपर्यंतच बघून घ्या, पुढे नेटवर्कच्या भरवशावर पेमेण्ट करणं म्हणजे जुगार. पावसाळ्यात ताम्हिणीकडे जाण्यावर प्रशासन अधूनमधून बंदी घालतं, तेव्हा निघण्याआधी बातम्या चाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पहाटे पाण्यावर धुकं असतं, स्वेटर न्या. पाण्यात मात्र उतरू नका, कितीही शांत दिसलं तरी. काठ चिखलाचा आहे आणि दोन पावलांवर खोली कुठे वाढते ते कळत नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धरणावरून तशी बातमी येतेच. कचऱ्याची पिशवी गाडीतून परत आणा, गावात घंटागाडी येत नाही. आणि केअरटेकरकडून भाकरी-तांदूळ हवा असेल तर आदल्या दिवशी फोन करा. मावशींकडचा विकायचा तांदूळ शिमग्यापर्यंत पुरतो, त्यानंतरचा घरच्यांपुरताच असतो.