हरवलेल्या तबकड्यांचा शोध

ग्रामोफोनच्या तबकडीवर गाणें एकदां उतरलें कीं तें अमर झालें, असा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वी खरा नाहीं. पोलादी सुई तबकडीवरून फिरते ती खांच झिजवीतच फिरते. म्हणजे जें गाणें घरांत अधिक प्रिय, तेंच लवकर पुसलें जातें. मूळचा धातूचा सांचा शाबूत असेल तर नव्या प्रती काढतां येतात. सांचाच नाहींसा झाला, तर कोणाच्या तरी घरीं उरलेली एखादी झिजकी तबकडी हीच त्या गाण्याची एकमेव पोथी ठरते. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय गायकांच्या संगीतावर नेमका हाच प्रसंग आला.

या संगीताला ‘ब्लूज’ म्हणतात. गुलामगिरी कायद्यानें संपली, पण कापसाच्या मळ्यांतील राबणें संपलें नाहीं, अशा समाजांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें आकारास आलें. बहुधा एक ओळ गावयाची, तीच पुन्हा गावयाची आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावयाचें, अशी त्याची साधी बांधणी. साथीला स्वतःचीच गिटार. वियोग, पूर, तुरुंग, आगगाडी आणि परगांवचा प्रवास हे त्याचे विषय.

१९२० नंतर या गाण्यांना गिऱ्हाईक आहे, हें ध्यानांत येतांच लहानसहान कंपन्याही या धंद्यांत उतरल्या. त्यांपैकीं ‘पॅरामाउंट’ची हकीकत विलक्षण आहे. विस्कॉन्सिन संस्थानांत खुर्च्या करणारा एक कारखाना होता. तो ग्रामोफोनचीं कपाटेंही करी; कपाटें खपावींत म्हणून त्यानें तबकड्या काढल्या. कृष्णवर्णीयांसाठीं १९२२ सालीं निराळी मालिका सुरू झाली. तबकडीची किंमत ७५ सेंट, जाहिरात शिकागोच्या ‘डिफेंडर’ पत्रांत आणि माल टपालानें घरपोंच. मा रेनी व ब्लाइंड लेमन जेफर्सन यांचीं गाणीं अशींच दूरच्या खेड्यापाड्यांत पोंचलीं. मिसिसिपींतील जॅक्सन शहरीं एच. सी. स्पीअर नांवाचा दुकानदार गायक पारखून कंपनीकडे पाठवी. १९२९ सालीं त्यानेंच चार्ली पॅटनला पुढें आणलें. पुढच्या सालीं पॅटन, सन हाउस, विली ब्राउन आणि लुईझ जॉन्सन हीं चौघें ग्राफ्टन येथील मुद्रणगृहांत गाऊन आलीं. १९३१ सालीं स्किप जेम्स तेथें गेला.

परंतु तोंवर महामंदी आली होती. शेतमजुराच्या हातीं ७५ सेंट उरेनात. १९३२ सालीं ध्वनिमुद्रण थांबलें आणि पुढें सांचे मोडीत गेले. कारखान्याच्या दृष्टीनें तें कपाटांचें जोडकाम होतें. तें जपून ठेवावें असें कोणासही वाटलें नाहीं. त्यांत महायुद्धाची भर पडली. तबकडीला लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानांतून जाई. युद्धानें समुद्रमार्ग धोक्यांत आले, १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें लाखेच्या वापरावर निर्बंध घातले, आणि जुन्या तबकड्या दळून त्यांतून नव्या होऊं लागल्या.

मग शोध सुरू झाला. १९४४ सालीं न्यू यॉर्कच्या एका जुन्या तबकड्यांच्या दुकानांत जेम्स मॅक्यून या संग्राहकाला पॅटनची एक तबकडी मिळाली. त्याच्या उत्साहानें इतरांनाही छंद लागला. पुढें मिसिसिपींत गेल डीन वॉर्डलो दारोदार जाऊन जुन्या तबकड्या विचारीत फिरला. ज्या गरीब घरांनीं पोटाला चिमटा घेऊन त्या विकत घेतल्या होत्या, त्याच घरांच्या माळ्यावर आणि पलंगाखालीं त्या उरल्या होत्या.

तबकडीवरून माणसाचाही माग लागला. १९६४ च्या जूनमध्यें स्किप जेम्स मिसिसिपींतील ट्यूनिका येथें रुग्णालयांत आढळला, आणि सन हाउस न्यू यॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर शहरीं. हाउसजवळ गिटारसुद्धां नव्हती. स्वतःच्याच जुन्या चिजा एका तरुण चाहत्याच्या मदतीनें त्याला पुन्हा बसवाव्या लागल्या. पॅटनला मात्र हा दिवस दिसला नाहीं. तो १९३४ सालींच वारला होता.

युद्धोत्तर काळांतही कथा फारशी निराळी नाहीं. ब्लूज आणि चर्चमधील भक्तिगीतें यांच्या मिलाफांतून ‘सोल’ गायकी निघाली. मेंफिस शहरीं १९६४ सालीं ‘गोल्डवॅक्स’ ही छोटी कंपनी उभी राहिली. तिनें ओ. व्ही. राइट याचें एक प्रेमगीत काढलें. तोंच दुसऱ्या कंपनीनें राइट आपल्या कराराचा असल्याचा दावा केला, आणि तेंच गीत ओटिस रेडिंगच्या आवाजांत अधिक गाजलें. जेम्स कार हा तिचा श्रेष्ठ गायक. पण १९६९ सालीं कंपनीच मिटली. या मंडळींची कदर पुढें इंग्लंडांत अधिक झाली. डेव्ह गॉडिन या पत्रकारानें १९९७ पासून अशा विस्मृत गाण्यांचे चार संग्रह सिद्ध केले. या काळांत ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर होई. म्हणून मूळ फीत हातीं आली कीं आवाज स्वच्छ मिळे. पॅरामाउंटच्या बाबतींत तें भाग्य नाहीं. तेथें खरखरीच्या पडद्याआडूनच ऐकावें लागतें.

२०१३ सालीं टॉमी जॉन्सनच्या एका तबकडीला ३७,१०० डॉलर किंमत आली. तिच्या दोनच प्रती ज्ञात होत्या, आणि गायक १९५६ सालीं निवर्तला होता. १९३० सालीं हाउसनें गाइलेली एक तबकडी पाऊणशें वर्षें केवळ यादींत होती. २००५ च्या सुमारास तिची प्रत सांपडली. त्याच खेपेस विली ब्राउन यानें गाइलेली एक तबकडी मात्र अद्याप सांपडलेली नाहीं. कंपनीच्या यादींत तिचा क्रमांक १३०९९ आहे, दोन्ही बाजूंच्या गाण्यांचीं नांवें आहेत. पण सूर ऐकलेला कोणी उरला नाहीं. एखाद्या घरांत ती अजून पडलीही असेल. अडगळ मोडीत घालण्यापूर्वीं तबकडीवरचें नांव एकदां वाचून पाहावें, एवढाच याचा व्यवहारी बोध.