बॅटरी सगळ्यात शेवटी घ्या!

भिलाईच्या सेक्टरांमधल्या क्वार्टरांभोवती थोडी का होईना, बाग असतेच. पोलाद कारखान्यात हयात घालवलेली माणसं निवृत्त झाली तरी पाना-पकड खाली ठेवत नाहीत. कुणाचा पंप, कुणाचा इन्व्हर्टर, अंगणात काहीतरी उघडून ठेवलेलं असतं. अशा हातांना भुरळ घालील असं एक यंत्र आहे : विजेवर चालणारा बागेचा ट्रॅक्टर.

ही काही आजची टूम नव्हे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ च्या सुमारास ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा असा ट्रॅक्टर बाजारात आणला. मोठ्या मॉडेलांत ६ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या, मिळून ३६ व्होल्ट. गवत कापावं, बर्फ सारावा आणि वर त्याच्याच विजेवर हातातली करवतही चालवावी! बॅटऱ्यांचं ओझं इथे कामाचंच ठरतं, चाकांना जमिनीची पकड मिळते. गंमत अशी की, कंपनीने काही वर्षांतच हा धंदा सोडला. आणि १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला तोही त्याच सुमारास. तरी त्यातले काही ट्रॅक्टर हौशी मालकांनी आजतागायत चालते ठेवले आहेत.

आपल्याकडे असा ट्रॅक्टर क्वचितच दिसेल. पण सुपेला, पॉवर हाऊस भागात धावणारी ई-रिक्षा त्याचीच धाकटी बहीण. म्हणून दुरुस्तीचं हे शास्त्र भिलाईकरांनाही उपयोगी.

बंद पडलेली गाडी दिसली की माणूस आधी बॅटऱ्यांचा नवा संच आणतो. इथेच खिशाला भोक पडतं! सगळ्यात महाग वस्तू तीच आणि दोष मात्र बऱ्याचदा असतो गंजलेल्या जोडात. तेव्हा आधी बॅटऱ्यांच्या तारा सोडवाव्यात. टर्मिनलांवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये. केबलचं टोक आतून काळं पडलं असेल, तर तेवढा तुकडा कापून नवी थिंबल बसवावी. मग मोटर. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, ते बदलणं स्वस्त. तांब्याचा कम्युटेटर काळवंडला असेल तर काचकागदाने हलकेच घासावा. एमरी नको, तिची भुकटी फटींत बसून घात करते. (ई-रिक्षाच्या मोटरला बहुधा ब्रशच नसतात, तिथे कंट्रोलर आणि त्याचे जोड पाहावेत.)

आता परीक्षा. शेजाऱ्यांकडून मोटारीच्या १२ व्होल्टच्या ३ चांगल्या बॅटऱ्या मागून आणाव्यात, एकापुढे एक जोडल्या की ३६ व्होल्ट झालेच. चाकं विटांवर उचलून ठेवावीत, मध्ये फ्यूज असावाच, आणि मोटर दोन-पाच मिनिटंच फिरवावी. त्याआधी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर तो लाल होतो आणि हातातली अंगठीही!

चाकं फिरली, तरच बॅटऱ्यांसाठी पैसे मोजावेत. मोटारीच्या बॅटऱ्या कायमच्या बसवू नयेत. त्या इंजिनाला एक झटका देण्यापुरत्या असतात, रोज खोलवर रिकाम्या झाल्या की लवकर संपतात. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या याच कामासाठी बनतात. रिक्षाला बहुधा ४ लागतात, ३६ व्होल्टच्या ट्रॅक्टरला ३ पुरतात. वापरलेल्या मिळत असतील तर पूर्ण चार्ज करून काही तासांनी मोजाव्यात, १२.६ व्होल्टच्या आसपास हव्यात, आणि भार दिल्यावर आकडा धाडकन कोसळता कामा नये. लिथियम हलकं आणि टिकाऊ, पण चार्जर बदलावा लागतो, आणि हरवलेलं वजन भरून काढायला ट्रॅक्टरवर लोखंड लादावं लागतं. भिलाईत लोखंडाला काय तोटा!

भिलाईच्या वैशाखात बॅटरीतलं पाणी भराभर आटतं. त्या दिवसांत दर पंधरवड्याला झाकणं उघडून पाहावं. फक्त डिस्टिल्ड पाणी घालावं, तेही चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच. आम्ल वरून कधीच नाही. चार्जिंग मोकळ्या हवेत करावं, कारण तेव्हा हायड्रोजन निघतो.

आणि जुना संच? तो नव्या बॅटरीच्या दुकानदारालाच द्यावा, किमतीत सूट मिळते. अंगणात फोडून शिसं वितळवणारे महाभाग असतात. तो धूर आधी घरातल्या लेकरांच्या अंगात जातो.